बांधावरचं गवत आणि दोन दिवसांनी सुटलेली खाज

(लेखमाला : शरीराचा पहारा – लेखांक ५)

मधमाशी चावली की काहींचे ओठ मिनिटांत सुजतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रकार संथ आहे. सोमवारी बांध साफ केला, बुधवारी पापण्या सुजल्या. मधे एक दिवस कोरा गेलेला असतो, म्हणून बांधावर कुणाचा संशय जातच नाही. मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर जातो.

कुंडल-पलूसच्या पट्ट्यात ऊस आणि द्राक्षाच्या रानांमध्ये पडीक तुकडा किंवा रस्त्याची कड मोकळी सापडली की तिथं गाजर गवत माजतं. हे गवत मूळचं उष्ण अमेरिकेतलं. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास त्याची पुण्यात नोंद केली. ते पीएल-४८० या धान्य-करारातल्या अमेरिकी गव्हातून आलं, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतर! त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी खरी मानवत नाही. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर वैद्यकीय निबंध लिहिला.

गवताच्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका छोटा, की एकट्याने आला तर प्रतिकारयंत्रणा त्याची दखलही घेत नाही. तो आपल्या कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि या जोडीची दखल मात्र घेतली जाते. कातडीतल्या लँगरहॅन्स पेशी तिचा नमुना जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथं तो ओळखणाऱ्या टी पेशी वाढतात आणि त्यांतल्या काही आठवण धरून राहतात. या तयारीला आठवडा-दोन आठवडे तरी लागतात, आणि तोवर अंगावर काहीच दिसत नाही. नंतर पुन्हा गवताशी गाठ पडली, की त्या टी पेशी त्या जागी गोळा होतात. गोळा व्हायला एक ते तीन दिवस जातात. कोरा मंगळवार तो हाच. गेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार पाडले, त्यांतला हा चौथा. यात प्रतिपिंडांचं काम नसतं. हिस्टामिनचाही मुख्य वाटा नसतो, म्हणून मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. मनानेच चोळलेली स्टेरॉइडची ट्यूब तात्पुरता आराम देते, पण महिनोन् महिने वापरली तर कातडी पातळ करते.

‘वीस वर्षं हेच गवत उपटतोय, आत्ताच कसं?’ असं शेतकरी विचारतो. वीस वर्षं उपटलं म्हणून! प्रत्येक वेळी कातडीला नमुना मिळत गेला आणि कधीतरी आठवण पक्की झाली. ती सहसा पुसत नाही.

गवताला हात न लावताही त्रास होतो. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याने उडतो, म्हणून पापण्या, मान आणि कोपराची खोबण आधी धरते. जुन्या दुखण्यात ऊनही सोसत नाही. काहींना मग शेवंती आणि सूर्यफूलही चालत नाही, कारण ती त्याच कुळातली. निदानासाठी पाठीवर पट्टी लावून ती ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. घाई केली तर चाचणी फसते. गवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच उपटावं. ज्याला आधीच त्रास आहे त्याने त्या कामाला जाऊच नये.

इथे मार बसतो तो आपल्याच कातडीला. परकं असतं ते फक्त तिला चिकटलेलं रसायन. याच्या पुढची पायरी टिकलीच्या डिंकात दिसते. काही डिंकांतलं पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल रंगपेशींना इजा करतं आणि कपाळावर पांढरा डाग उमटतो. बहुतेकांचा डाग तेवढाच राहतो. काहींत मात्र, टिकली कधी न लागलेल्या ठिकाणीही डाग उठतात; तिथं टी पेशींचा रोख थेट स्वतःच्या रंगपेशींवर असतो. कोड या स्वयंप्रतिकार विकारातही टी पेशी तेच करतात, बहुतेकदा बाहेरचं कुठलंही रसायन न लागता. लहानपणीच्या मधुमेहात त्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर जातात.

अशा टी पेशींना मुळात थायमस ग्रंथीतच गाळलं जातं. मग त्या त्यातून निसटतात कशा, ते पुढच्या आठवड्यात.