मुरुमांवरचे जोड-जेल

अ‍ॅडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांचे एकत्र जेल मुरुमांवर दोन बाजूंनी काम करते. अ‍ॅडापॅलीन बुजलेली रंध्रे मोकळी करते, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते. त्याला जिवाणू सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर मटारच्या दाण्याएवढेच जेल डोळे, ओठ व नाकपुड्या टाळून सगळीकडे पातळ लावावे. नुसते फोडावर टेकवून भागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा लाल होते, सालपटे निघतात. अशा वेळी मॉइश्चरायझर लावावे, जेल एक दिवसाआड वापरावे. घाबरून ते सोडू नये, कारण खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी दिसतो. दिवसा सनस्क्रीन हवेच. जेलमुळे उशीच्या रंगीत अभ्र्यावर पांढरट डाग पडतात. गरोदरपणात हे जेल वापरू नये. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर ते थांबवून ताबडतोब डॉक्टर गाठावा.