कर्जातली माणसे आणि लोकशाही

पाठ्यपुस्तकांतली अथेन्सची लोकशाही सभेपासून सुरू होते. जळगावच्या वर्गात मी ती कर्जापासून शिकवतो. तेथे कर्ज फिटले नाही की माणूसच गुलाम म्हणून विकला जाई. इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलोनने शरीर तारण ठेवून कर्ज देणे बंद केले. क्लेइस्थेनिसच्या सुधारणा आल्या त्या ५०८ मध्ये. अर्थात स्त्रिया आणि परके गुलाम सभेबाहेरच राहिले.

हे शिकवताना वडील आठवतात. ते धुळे जिल्ह्यात सालदार होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपली होती. आमच्या घरात दर आखाजीला नवी उचल येई, जुनी बाकी राहीच. ग्रामसभेत त्यांना मत होते. मालक बोलायला उठला की ते चपला शोधू लागत.