झाडांची राखण आणि राखणदाराचा हक्क

पर्यावरण हा शब्द आमच्या वस्तीत पुस्तकातून आला. झाड, गवत, सरपण आणि पाणी मात्र तेथे आधीपासून होते, आणि त्यांच्यावर सत्ता कुणाची, हा प्रश्नही आधीपासून होता. आज शहरांभोवती नगरवने आणि स्मृतिवने उभी राहत आहेत. लोकसहभाग हा शब्द त्यांच्या प्रत्येक फलकावर आहे. चळवळीतले अनेक मित्र या साऱ्याकडे पोट भरलेल्यांचा छंद म्हणून पाहतात. ही भूमिका मला चुकीची वाटते. आणि लोकसहभागाची मांडणी ज्या रीतीने केली जाते, तीही मला तितकीच अपुरी वाटते. या दोन्हींची कारणे येथे मांडावयाची आहेत.

माझी आई 2003 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर होती. काम होते नगर तालुक्यातल्या एका उघड्या डोंगरावर. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल असे खड्डे आणि उतारावर आडवे चर. मुरमाड जमीन, खाली खडक. संध्याकाळी मुकादम टेप लावून मोजायचा आणि खड्डा बोटभर उथळ भरला तर हजेरी कापायचा. मी तेव्हा सातवीत होतो. सुट्टीच्या दिवशी आईला पाणी घेऊन जायचो. आज त्या डोंगरावर झाडी आहे, तारेचे कुंपण आहे आणि फाटकावर उद्घाटकाचे नाव आहे. काही वर्षांपूर्वी आई त्याच झाडीत शेळीसाठी गवत कापायला गेली, तेव्हा तिचा विळा काढून घेण्यात आला. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "खड्डे घेतले तवा कुणी पास इचारला नव्हता."

आईच्या या वाक्यात जो प्रश्न आहे तो व्यक्तिगत नाही. तो समजावून घ्यायचा तर आधी नगर जिल्ह्यात डोंगर हिरवा कसा होतो, हे पाहिले पाहिजे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेचा अकोले तालुका सोडला तर बहुतेक प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, आणि तोही चार-सहा मोठ्या सरींत पडून जाणारा. उघड्या उतारावर असा पाऊस माती घेऊन ओढ्याला मिळतो. म्हणून झाडाच्या आधी पाण्याचे काम करावे लागते. समान उंचीच्या रेषेवर चर खोदले की उतारावरचे पाणी अडते, माती तेथेच बसते, ओल टिकते आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत गवत येते. गवताच्या आधाराने रोपे जगतात. या काळात गुरे आणि कुऱ्हाड बाहेर ठेवावी लागते. म्हणजे डोंगर हिरवा होण्यास दोन गोष्टी लागतात : कुणीतरी केलेले अतोनात अंगमेहनतीचे काम, आणि कुणीतरी सोडलेला आपला नेहमीचा वापर. मेहनत कुणाची आणि त्याग कुणाचा, हा सामाजिक प्रश्न येथेच सुरू होतो.

याच तालुक्यातले हिवरे बाजार हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर आणि 1994 पासून आदर्श गाव योजनेतून या गावाने आपले सुमारे 976 हेक्टरचे शिवार पालटले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री तेथे राबविली गेली. शेतीसाठी विंधनविहिरींना बंदी आली, ऊस आणि केळी वर्ज्य झाली. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले आणि त्यावर कोणती पिके घ्यायची, याचा हिशेब गाव दरवर्षी मांडू लागले. गुरे डोंगरावर जाणार नाहीत, पण विळ्याने कापून गवत नेता येईल, असा नियम झाला. या कामाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पाणी अडले म्हणून मजुरांचे स्थलांतर थांबते, हे आमच्या माणसांच्याच हिताचे आहे.

परंतु विचार येथे थांबवून चालणार नाही. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला शेत आहे त्याला बांधाचे गवत आहे, कडबा आहे. तो गोठ्यात म्हैस बांधू शकतो. भूमिहीनाची शेळी मात्र मोकळ्या रानावरच जगते, आणि आजारपणात वा लग्नकार्यात तीच विकून पैसा उभा राहतो. पुन्हा, चर खोदल्याने मुरलेले पाणी विहिरीत येते. ज्याची विहीर त्याचे पाणी. भूमिहीन शेळी गमावतो आणि विहीरवाला बागायतदार होतो, असे घडले तर त्याला गावाचा विकास कसा म्हणावे? श्रमदानाचेही तसेच आहे. कचेरीत आठ तास बसणाऱ्याला रविवारचे श्रमदान हा व्यायाम वाटतो. हातावर पोट असलेल्याला तो बुडालेला रोज असतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेठ केली, त्यांना फुकट काम आणि दान यांतला फरक सांगण्याची गरज नाही. हिवरे बाजारमध्येही श्रमदानाच्या जोडीला रोजगार हमीची मजुरी होती, ही गोष्ट त्या गावाचे गोडवे गाणारे बहुधा विसरतात.

राखण हा शब्दच पाहा. गावगाड्यात शिवेची राखण महाराकडे होती. शिवेचा तंटा निघाला की दगड कोणता आणि हद्द कोठून, हे सांगण्यास महाराला बोलावीत. त्याची साक्ष मानीत. म्हणजे गावाच्या सामाईक भूमीचे ज्ञान ज्याच्याजवळ सर्वांत अधिक, तोच गावाबाहेर राहत होता. त्याला कर्तव्य होते, बलुते होते, अधिकार नव्हता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते या अधिकारशून्य राखणीतून माणूस सोडविण्यासाठीच. कनिष्ठ ग्रामवतने अखेर 1958 च्या कायद्याने गेली. त्याआधी 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. तो सामाईक संपत्तीवरील माणसाच्या हक्काचा लढा होता. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते पडीक सरकारी जमिनीसाठी. तळे, गायरान, डोंगर : आपल्या चळवळीचा इतिहास हा पर्यावरणाचाही इतिहास आहे. तो त्या नावाने कुणी लिहिला नाही, एवढेच.

महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. सरकारी जंगलखात्याने डोंगर आणि चराऊ राने गिळल्याने गरिबांची गुरे-मेंढरे उपाशी मरतात, ही तक्रार त्यांनी केली. आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरावे, माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावेत, तळी करावीत, हेही त्यांनीच सांगितले. झाड हवे आणि माणूसही हवा, ही भूमिका आपल्याला परक्या देशातून आणावयाची नाही.

आता शहराकडे वळू. अहमदनगरचे 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. महानगरपालिका 2003 मध्येच झाली होती. शहर वाढले तशी आसपासची माळराने आणि डोंगर शहराच्या जवळ आले. केंद्र सरकारने 2020 मध्ये पुण्याच्या वारजे येथील वनाचा नमुना पुढे ठेवून देशात दोनशे नगरवनांची योजना जाहीर केली. राज्यात 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार, 2018 मध्ये तेरा आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरली. आमच्याकडे दर पावसाळ्यात विद्यार्थी रोपे लावतात, छायाचित्रे निघतात. मीही विद्यार्थ्यांना घेऊन जातो. एका मैदानाच्या कडेला सलग तीन वर्षे आम्ही त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली. चौथ्या वर्षी अकरा झाडे जगलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी उन्हाळाभर धुण्याचे पाणी त्यांना घालीत होत्या. पुढे त्या जागेसाठी समिती झाली. तीत वकील होते, व्यापारी होते, मीही होतो. मावशी नव्हत्या. त्यांचे नाव मीही सुचविले नव्हते. ही माझी चूक येथे नोंदवितो, कारण शिकलेला माणूस आपल्या माणसांपासून किती सहज दूर जातो, हे आपणही तपासले पाहिजे.

समितीत कोण, हा प्रश्न कायद्यालाही टाळता आलेला नाही. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करावयाची. 2004 च्या नियमांत अध्यक्षाशिवाय सहा सदस्य, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया आणि किमान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, अशी तरतूद होती. सहा जणांत अठरा टक्के म्हणजे एक माणूस. एकटा माणूस सभेत बहुधा सहीपुरता उरतो, हे पंचायतीत बसलेल्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

वनहक्क कायदा 2006 मध्ये आला. त्याने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये तो मिळविला. तेथे राखण करणाऱ्यालाच अधिकार मिळाला, हे महत्त्वाचे. पण आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांनी कागद कोठून आणावेत?

शहरात झाडांसाठी 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यान्वये वृक्ष प्राधिकरण असते. झाड तोडावयाचे तर वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. हे हत्यार आपल्या हाती आहे, पण हरकत नोंदविणारे बहुधा बंगल्यांच्या वसाहतीतले असतात. वस्तीतले वडाचे झाड रस्त्यासाठी पडते तेव्हा त्याच्यावरची नोटीस कुणी वाचीत नाही.

आणि एक भय आहे, ते स्पष्ट बोलले पाहिजे. हिरवाईच्या नावाने झोपडी हटविणे सोपे असते. शासनाने 1991 च्या निर्णयाने दलित-आदिवासींची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. 2022 मध्ये मात्र उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या आणि राज्यभर माणसे हवालदिल झाली. शिवाय रानात निर्भयपणे चालता येणे हीही राखणीची पहिली अट आहे. अहिल्याबाई होळकरांचे चोंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खर्डा आहे. 2014 चे खर्डा आणि 2013 चे सोनई आपण विसरलेलो नाही. ज्याचे जगणे सुरक्षित नाही, त्याला झाड जगविण्याचा उपदेश करणे ही क्रूरता आहे.

मग करावयाचे काय? केनियात वांगारी मथाई यांनी 1977 मध्ये सुरू केलेल्या चळवळीत खेड्यांतल्या स्त्रिया रोपे तयार करीत, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना थोडा मोबदला मिळे. मोबदला लावलेल्या रोपाचा नव्हता, जगलेल्या रोपाचा होता. आपणही तीच मागणी केली पाहिजे : झाडांची मोजणी उद्घाटनाच्या दिवशी नको, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर हवी, आणि पाणी घालणाऱ्या हातांना श्रमदानाचे प्रशस्तिपत्र नको, रोजगार हमीच्या दराने मजुरी हवी. गवत, वाळके सरपण, सीताफळ, करंजाच्या बिया यांवर पहिला हक्क भूमिहीन आणि शेळीपालक कुटुंबांचा, असा ठराव लेखी व्हावा. कोणते झाड लावायचे हेही त्यांनाच विचारावे. उघड्या डोंगरांवर गिरिपुष्प लावतात, कारण गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत आणि हिरवळ लवकर दिसते. पण वस्तीतल्या बाया बोर, जांभूळ, कडुनिंब, करंज सांगतील, कारण त्यांना झाडाचा उपयोग ठाऊक आहे. समितीच्या सभा संध्याकाळी, रोज संपल्यावर, वस्तीत व्हाव्यात. आणि पर्यायी घर दिल्यावाचून कोणतेही घर हलणार नाही, हे पहिल्याच ठरावात लिहावे.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या शहराची वृक्षगणना मागवावी, वस्तीतल्या झाडांची यादी स्वतः करावी, म्हाताऱ्या माणसांकडून वनस्पतींची नावे आणि उपयोग लिहून घ्यावेत. शिक्षकांनी तासाला त्याचा उपयोग करावा. कार्यकर्त्यांनी जैवविविधता समितीच्या बैठकीत एकट्या माणसाला एकटे बसू देऊ नये.

गेल्या पावसाळ्यात त्या मैदानाच्या समितीत मावशी आल्या. पहिल्या सभेत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सभेत त्यांनी विचारले, उन्हाळ्यात नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येते, ते आधी घराला की झाडाला? सभेत कुणाजवळ उत्तर नव्हते. वस्तीला रोज पाणी मिळावे, असा अर्ज समितीने त्या दिवशी नगरपालिकेकडे पाठविण्याचे ठरविले. वृक्षसमितीने माणसांच्या पाण्यासाठी केलेला हा पहिला अर्ज होता. आमची समिती कामाला लागली ती तेव्हापासून, असे मी समजतो.