इंग्रजीच्या तासाला सविनय कायदेभंग

नववी-दहावीच्या इंग्रजीच्या तासाला ‘सिव्हिल डिसओबिडियन्स’ हा शब्द आला, की फळ्यावर नुसता अर्थ लिहून भागत नाही. अमेरिकेत थोरो या लेखकाने गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारला, १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली आणि १८४९ मध्ये त्यावर निबंध छापला. कायदा उघडपणे मोडायचा, हात उगारायचा नाही, शिक्षा टाळायची नाही, हे सविनय कायदेभंगाचे सार.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मुलांना हे समजावायला बाबू गेनू जवळचा. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो रस्त्यावर आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. आईवडील कारखान्यात पाळी करतात, त्या मुलांना तो परका वाटत नाही.

आता व्याकरण. बाबू गेनूबद्दल ‘ही वॉज किल्ड’ असे वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, मारले कुणी? कर्मणी प्रयोगात कर्ता कसा लपतो, हे मुलांना तिथेच कळते.

चिंचवडच्या चापेकर बंधूंनी १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी रँडवर पिस्तूल चालवले. त्यांचा मार्ग आणि बाबू गेनूचा मार्ग, दोन्हींवर मुलांना इंग्रजीत वाद घालू द्या. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. अन्यायाला नकार कसा द्यायचा, हे मुलांना स्वतःच्या शब्दांत मांडता आले पाहिजे.