गुडघ्यातली गादी कुठे विणली जाते?

पवन मावळात आवणी संपली की आपल्या बोलण्यात एकच विषय असतो, गुडघे. दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचं, डोक्यावर भारा घेऊन उतार उतरायचा. मग कोणीतरी सांगतं, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, ही पावडर घे.’ आणि गटातून उचललेले पैसे त्या डब्यावर जातात. म्हणून आज आपण बघू, गुडघ्यात नक्की काय असतं आणि शरीर ते कुठे तयार करतं.

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरी गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. तिच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणी असतं. एवढं पाणी धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे प्रोटिओग्लायकन. नाव अवघड आहे, वस्तू सोपी आहे. बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांपुढे आणा. मधली तार म्हणजे प्रथिन आणि तिला चहूबाजूंनी लागलेले केस म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. कूर्चेतल्या मुख्य ब्रशाला ॲग्रिकन म्हणतात. त्याच्या एका तारेवर शंभराच्या आसपास साखळ्या असतात.

हा ब्रश कूर्चेतल्या पेशी बनवतात. पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यातलं काम आपल्या पापडाच्या कामासारखं वाटून दिलेलं असतं. एकीने पीठ मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने वाळवायचं.

पहिली जागा आंतर्द्रव्यजालिका. शाळेच्या पुस्तकात मुलांना हे नाव असतं. तिच्यावर रायबोझोम नावाचे बारीक कण चिकटलेले असतात, तिथे प्रथिनाची तार तयार होते. तार आत सरकते, घडी घेते आणि काही लहान साखरा तिला इथेच लागतात.

दुसरी जागा गॉल्जी संकुल. १८९८ साली इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी ते दाखवलं. दिसायला भाकरींची चवड. ब्रशाचे लांब केस लागतात ते इथे. तार जालिकेतून निघून गॉल्जीच्या उंबरठ्यावर येते, तेव्हा ठरावीक ठिकाणी झायलोज नावाची साखर टाक्यासारखी बसते. तिच्यापुढे दोन गॅलॅक्टोज, मग ग्लुकुरॉनिक आम्ल. एवढा पाया झाला की दोन प्रकारचे मणी आळीपाळीने ओवत साखळी लांब होते. चवडीतून पुढे सरकताना साखळीवर गंधकाचे गट, म्हणजे सल्फेट, बसतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पाणी ओढून घेतात.

तयार ब्रश छोट्या पिशव्यांतून पेशीबाहेर जातो. बाहेर हायल्युरोनन नावाची लांब दोरी असते. ती मात्र गॉल्जीत बनत नाही, पेशीच्या आवरणावरच बनून थेट बाहेर पडते. त्या दोरीवर अनेक ब्रश ओळीने बसतात. पाय टेकला की गादीतलं थोडं पाणी बाहेर जातं, पाय उचलला की परत येतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते याच ये-जा करणाऱ्या पाण्यातून. म्हणून गुडघा दुखतो म्हणून कायमचं बसून राहणं बरं नाही.

आता दोन प्रश्न. ‘साखर जास्त खाल्ली तर गादी भरेल का?’ नाही. पेशीला लागणाऱ्या साखरा ती रक्तातल्या ग्लुकोजपासून स्वतः बनवते आणि तेवढं ग्लुकोज आपल्या भाकरी-भातातून मिळतं. ‘मग पावडर?’ तिच्यात बहुतेक वेळा ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन, म्हणजे याच साखळ्यांचा माल असतो. पण माल गिळला म्हणून तो गुडघ्यातल्या गॉल्जीत जाऊन बसत नाही. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली छापून आले. एकूण रुग्णांत या गोळ्यांनी खोट्या गोळीपेक्षा ठळक जास्त आराम दिला नाही. तेव्हा कर्ज काढून डबे घेऊ नका.

बिनखर्चाचं काय करता येईल? खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. आवणीत तासाभराने उभं राहून पाय मोकळे करा, भारा दोन खेपांत आणा. दुकानातून मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नका, पोट आणि मूत्रपिंड बिघडतं.

गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, अडकायला लागला किंवा पाय टेकवेना, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि पुढच्या बैठकीत हिशोबाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून हा पायाचा व्यायाम करून बघा. रामराम.