शिक्षा संपली तरी: अमेरिकेत मताचा आणि बंदुकीचा हक्क

अमेरिकेत ‘फेलनी’ ठरणारा गुन्हा, म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल असा गुन्हा, सिद्ध झाला की मत आणि बंदूक हे दोन्ही हक्क कायमचे गेले, असे सर्रास मानले जाते. मताबाबत हा समज बहुतांशी चुकीचा आहे, बंदुकीबाबत मात्र बराचसा खरा. मताधिकाराचे काय करायचे ते ज्याचे त्याचे राज्य ठरवते. बंदुकीवर राज्याच्या कायद्याखेरीज १९६८ च्या केंद्रीय कायद्याचीही बंदी असते.

मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातूनही मत देतात. अनेक राज्यांत सुटका झाली की हक्क परत मिळतो. भारतात कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही, पण निवडणूक गुन्हे वगळता सुटून आलेल्याला कायदा अडवत नाही. डोनाल्ड ट्रम्प मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी फ्लोरिडात मत दिले, यात गैर काहीच नव्हते. परराज्यातल्या गुन्ह्याला फ्लोरिडा त्याच राज्याचा नियम लावते आणि न्यूयॉर्क फक्त गजाआड असेपर्यंत मताधिकार रोखते.

शिक्षा भोगली की सगळे फिटले, हा दुसरा समज. खुद्द फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८ मध्ये साठ टक्क्यांची अट ओलांडून शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार बहाल केला. खून आणि लैंगिक गुन्हे तेवढे वगळले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ‘पूर्ण’मध्ये दंड, भरपाई आणि कोर्टाची फीही धरली. एखाद्याकडे नेमकी किती बाकी निघते, हे एका ठिकाणी कळण्याची सोय राज्यात नव्हती. जुन्या खटल्यांचे कागद काउंटी-काउंटीच्या दप्तरात विखुरलेले. तरीही २०२० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ही अट कायम ठेवली.

बंदुकीच्या बाबतीत प्रत्यक्ष किती शिक्षा झाली याला फारसा अर्थ नसतो. किती होऊ शकली असती ते पाहिले जाते. पेन्सिल्वेनियातल्या एका माणसाने सरकारी अन्नसाहाय्यासाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचा गुन्हा १९९५ मध्ये कबूल केला. तो एक दिवसही तुरुंगात गेला नाही, पण त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती, म्हणून बंदूकबंदी लागली. २०२३ आणि पुन्हा २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, तोही त्याच्यापुरताच.

राज्याने मोकळीक दिली की केंद्राची बंदी आपोआप उठते, हेही अर्धेच खरे. मतदान, ज्युरीत बसणे आणि सार्वजनिक पद भूषवणे हे नागरी हक्क राज्याने परत दिले, तर केंद्रीय कायदा तो गुन्हा जमेस धरत नाही. पण राज्याने काही बंदुकांवर बंदी ठेवली असेल, तर सवलत मिळत नाही. राज्याने रायफलला मुभा दिली आणि पिस्तूल नाकारले, तर केंद्राच्या लेखी सगळ्याच बंदुका निषिद्ध, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवले. शिवाय गुन्हा केंद्रीय कायद्याखालचा असेल तर राज्याचा दिलासा कामाचा नाही, असा १९९४ चा निकाल आहे.

केंद्रीय गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांसाठी राष्ट्राध्यक्षांची माफी किंवा केंद्राकडे अर्ज हेच मुख्य मार्ग उरतात. अर्जाची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. परंतु १९९२ पासून अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, दरवर्षी अर्थसंकल्पातच संबंधित खात्याला व्यक्तींच्या अर्जांवर पैसा खर्च करण्यास मनाई करत आली. दार शाबूत, पहारेकऱ्याचा पगार बंद! २०२५ मध्ये न्याय विभागाने हा अधिकार त्या खात्याकडून काढून अ‍ॅटर्नी जनरलकडे नेला, तेव्हा कुठे या अर्जांची वाट पुन्हा मोकळी होऊ लागली.