घरची बेगमी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आपल्या वसई भागात घरोघर बेगमीची लगबग सुरू होते. सुके बोंबील, जवळा, वाल, मिरच्या ह्यांस ऊन दाखवून डबे भरले जातात, लोणच्याच्या बरण्यांची तोंडे फडक्याने बांधली जातात. विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी पुष्कळांनी आईच्या हाताखाली हे काम केले असेल; परंतु वाळलेला बोंबील महिनोन्‌महिने टिकतो आणि पातेल्यातला भात एका रात्रीत बिघडतो, असे का, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला असेल.

ह्याचे मुख्य कारण पाणी. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतू व बुरशी ह्यांस वाढावयास पाणी लागते. ते काढून घेतले, अथवा मिठाने वा साखरेने बांधून ठेवले, म्हणजे त्यांचा उपाय खुंटतो. ताज्या बोंबलात शेकडा ८५ हून अधिक भाग पाणीच असते. म्हणून तो इतक्या लवकर खराब होतो. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बंधुभगिनी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर टांगतात. ह्यात मोठे शहाणपण आहे; वारा चोहोंकडून लागतो आणि वाळू चिकटत नाही.

सुकेळीची गोष्ट ह्याहून मौजेची. आगाशीकडे राजेळी केळी पुरती पिकल्यावर सोलून कित्येक दिवस उन्हात वाळविण्याची रीत आहे. सायंकाळी दव पडण्यापूर्वी ती झाकून ठेवावी लागतात. पिकल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी असते. त्यातील बरेचसे उडाले म्हणजे केळ्याची स्वतःचीच साखर इतकी दाट होते की, उरलेला ओलावा ती जंतूंच्या वाट्यास येऊ देत नाही. म्हणून सुकेळी मऊ असूनही नासत नाही. वरून साखरेचा एक कणही घालावा लागत नाही! ही कला जाणणारी घरे आता थोडीच उरली आहेत, ह्याचे वाईट वाटते.

आता भाताकडे वळू. पहाटेची लोकल गाठावयाची म्हणून कितीतरी घरी रात्रीच जास्त भात शिजवितात. तो झाकून ओट्यावर राहतो, सकाळी फोडणी देऊन मुलांच्या डब्यात जातो व दुपारी खाल्ला जातो. अन्न टाकू नये हा संस्कार थोर खरा. परंतु तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात आणि ती शिजविल्यानेही मरत नाहीत. कोमट, ओलसर भातात ती रुजतात व असे विष निर्माण करू शकतात की, जे पुन्हा उकळल्याने वा परतल्याने नाहीसे होत नाही. पुष्कळदा वासही बदललेला नसतो. आमच्याच घरी एकदा असा भात खाऊन आम्ही तिघे भावंडे दुपारभर ओकत होतो. वाचविला होता दोन मुठी तांदूळ. औषधपाण्यास त्याच्या कितीतरी पट पैसे गेले.

उरलेला भात रुंद ताटात पसरून निववावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईतो तापवून लगेच संपवावा. शीतकपाट नसेल तर मोजूनच शिजवावे. मुलांच्या डब्यास तांदळाची भाकरी आणि भाजलेल्या सुकटीची कोरडी चटणी बरी; मूठभर सुकट चार जणांस पुरते आणि खर्चही बेताचा येतो. वाल रात्री भिजत घातले तर सकाळी लवकर शिजतात व गॅस वाचतो, हे गृहिणींस सांगावयास नकोच.

बरणीत ओला चमचा घालू नये. एवढ्याशा पाण्याने वर्षाचे लोणचे जाते. डब्यातील सुकी मासळी पावसाळ्यातही मधूनमधून पाहावी, आणि तीवर बुरशी दिसल्यास ती टाकून द्यावी. शेंगदाण्यांना बुरशी आली तर मात्र वाईट तेवढे निवडून बाकीचे भाजून खाण्याचा मोह कोणी धरू नये. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही.